धुरा घालणारा आणि वाटा उचलणारा

(जिल्हा बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीच्या पत्रकावर विषय छापला आहे ‘मतदारसंघांची रचना’. पत्रक गावोगाव गेले तेव्हा काही जणांनी आम्हाला विचारले, की कापूस-ज्वारीवाल्यांच्या बैठकीत हे मधेच काय काढले? मतदारसंघ हा पुढाऱ्यांचा धंदा. आपल्याला त्याच्याशी काय करायचे? विचारणाऱ्यांचा प्रश्न रास्त आहे. म्हणून पुढाऱ्यांपासून सुरुवात न करता आपल्या ओळखीच्या गोष्टीपासून, वाटणीपासून, सुरुवात करू.

दोन भावांत वीस एकरांची वाटणी व्हायची असते. एका अंगाला काळी कसदार जमीन, दुसऱ्या अंगाला मुरमाड, मधून नाला, आणि विहीर नेमकी एका कोपऱ्यात. भांडायला याहून जास्त काही लागत नाही. आपल्या जुन्या माणसांनी यावर तोड काढून ठेवलेली आहे. एकाने वाटे पाडायचे आणि दुसऱ्याने आधी उचलायचा. वाटे पाडणाऱ्याला ठाऊक असते की उरलेला वाटा आपल्या पदरात पडणार आहे. मग तो दोरी सरळ धरतो. त्याला न्यायनीतीचे कीर्तन ऐकवावे लागत नाही. आणि जिथे वाटे पाडणारा आणि पहिला उचलणारा एकच माणूस, तिथे तो कितीही सज्जन असला तरी धुरा वाकडाच जायचा.

आपल्या मतांचेही असेच वाटे पडतात. जिल्हा परिषदेचे गट, पंचायत समितीचे गण, विधानसभेचे आणि लोकसभेचे मतदारसंघ म्हणजे मतांच्या शिवारात घातलेले धुरेच. आपण भांडतो ते उमेदवारावर. तिकीट कोणाला, कोण कोणाच्या जातीचा, कोणी किती वाटले. पण उमेदवार उभा राहायच्या आधीच अर्धी निवडणूक धुऱ्यावर ठरून गेलेली असते, हे आपल्या लक्षात येत नाही.

कसे ते हिशेबाने पाहू. कागद-पेन्सिल असेल त्यांनी मांडून घ्या.

समजा एका भागात पन्नास हजार मतदार आहेत. त्यांतले तीस हजार कोरडवाहू गावांतले आणि वीस हजार कालव्याखालच्या गावांतले. या भागातून पाच सदस्य निवडायचे, म्हणजे दहा दहा हजार मतदारांचे पाच मतदारसंघ पाडायचे. कोरडवाहूवाले शंभरात साठ आहेत. साध्या हिशेबाने त्यांचे तीन सदस्य यायला हवेत. आता नकाशा कालव्याकडच्या हुशार माणसाच्या हाती द्या. तो काय करील? पहिल्या दोन मतदारसंघांत तो कोरडवाहू गावे खच्चून भरील, प्रत्येकी नऊ हजार. दोन्हीकडे आपले उमेदवार प्रचंड मतांनी येतील, गुलाल उधळला जाईल, मिरवणुका निघतील. पण आपली अठरा हजार मते तिथेच संपली. उरली बारा हजार. ती तो बाकीच्या तीन मतदारसंघांत चार चार हजार अशी पांगवील. त्या तिन्ही ठिकाणी समोर सहा सहा हजार. तिन्हीकडे आपण पडलो. तीस हजारांचे दोन सदस्य आणि वीस हजारांचे तीन! एकही मत खोटे पडले नाही, एकही पेटी पळवली नाही, कोणाला दमबाजी झाली नाही. सगळे कायदेशीर.

यात दोनच डाव आहेत. एक, कोंडवाड्यात कोंडणे. दुसरा, पांगवणे. जगात कुठेही जा, मतदारसंघांची लबाडी या दोन डावांवर चालते. आणि हेही सांगून टाकू, की नकाशा आपल्यापैकी एखाद्याच्या हाती दिला असता, तर त्याने प्रत्येक मतदारसंघात आपले सहा हजार आणि त्यांचे चार हजार अशी मांडणी करून पाचही सदस्य आपलेच आणले असते. वीस हजार लोकांना एकही प्रतिनिधी नाही. तेव्हा प्रश्न कालवेवाला वाईट आणि कोरडवाहू चांगला असा नाही. वाटे पाडणाऱ्यालाच पहिला वाटा उचलू दिला, हा आहे.

या लबाडीला इंग्रजीत ‘जेरीमँडर’ असे नाव आहे. नावाची गंमत अशी. १८१२ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात एल्ब्रिज गेरी नावाचे गव्हर्नर होते. त्यांच्या पक्षाने राज्याच्या सिनेटचे मतदारसंघ आपल्या सोयीने पाडले आणि गेरीसाहेबांनी त्या कायद्यावर सही केली. एक मतदारसंघ इतका वाकडातिकडा झाला, की बोस्टनच्या वर्तमानपत्राने त्याला पंख आणि नखे लावून सॅलॅमँडर नावाच्या पालीसारख्या प्राण्यासारखे चित्र छापले. गेरी आणि सॅलॅमँडर मिळून जेरीमँडर. त्या निवडणुकीत गेरीच्या पक्षाला विरोधकांपेक्षा मते थोडी कमी पडली, तरी ४० पैकी २९ जागा मिळाल्या. गेरीसाहेब स्वतः मात्र गव्हर्नरपदाची निवडणूक हरले, कारण ती सबंध राज्याची होती. तिथे कोरायला धुराच नव्हता.

दोनशे वर्षे झाली, अमेरिकेचा हा आजार गेला नाही. उलट आता संगणक आला आहे. कोणत्या गल्लीत कोणाची मते, हे यंत्राला ठाऊक असते, आणि हजारो नकाशे काढून त्यातला आपल्या फायद्याचा निवडता येतो. २०१९ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की पक्षीय फायद्यासाठी केलेल्या रचनेचा निवाडा संघराज्याची न्यायालये करणार नाहीत. म्हणजे दार बंद.

आपल्याकडे या बाबतीत घटनाकारांच्या पिढीने शहाणपण दाखवले, ते मान्य केले पाहिजे. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या वेळी मतदारसंघांचे आदेश संसदेपुढे ठेवले गेले आणि संसदेला त्यात बदल करता येत होते. म्हणजे निवडून येऊ पाहणारेच वाटे पाडायला बसले. ही पद्धत बरी नव्हे हे ओळखून १९५२ साली परिसीमन आयोगाचा कायदा झाला. त्यानंतर १९६२, १९७२ आणि २००२ असे आयोगाचे कायदे झाले. शेवटच्या आयोगाचे अध्यक्ष सर्वोच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती कुलदीप सिंग होते. सोबत केंद्रीय निवडणूक आयोगाचा प्रतिनिधी आणि त्या त्या राज्याचा निवडणूक आयुक्त. प्रत्येक राज्यातले खासदार-आमदार सहयोगी सदस्य म्हणून बसतात, बोलतात, पण त्यांना मत नसते. दहा पुढारी खोलीत आणि मत एकालाही नाही, ही रचना ज्याने सुचवली त्याला आपला जोहार.

आता इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, ती कदाचित तुम्हाला आवडणार नाही. कुलदीप सिंग आयोगाने २००१ च्या जनगणनेवर नवे मतदारसंघ पाडले आणि २००९ च्या निवडणुका त्यावर झाल्या. त्यात विदर्भाच्या विधानसभेच्या जागा ६६ वरून ६२ झाल्या, लोकसभेच्या ११ वरून १०. ठाण्याच्या विधानसभेच्या जागा मात्र १३ वरून २४ झाल्या. तेव्हा आपल्याकडे ओरड झाली, की विदर्भावर अन्याय झाला, पश्चिमेकडच्यांनी डाव साधला. आम्ही त्या ओरडीत सामील नाही. माणसे ठाण्याकडे गेली, म्हणून जागा ठाण्याकडे गेल्या. आपलीच पोरे गेली. कोरडवाहू शेतीत पोट भरेना म्हणून गेली. एका माणसाला एक मत हा नियम आपण मानतो, तर मुंबईच्या चाळीत राहणाऱ्या आपल्याच भाच्याचे मत आपल्या मतापेक्षा हलके धरा असे कोणत्या तोंडाने म्हणायचे? माणसे कमी झाली म्हणून जागा कमी होणे वेगळे आणि माणसे तेवढीच असताना धुरा कोरून जागा पळवणे वेगळे. पहिल्याला लबाडी म्हणत सुटलो, तर खरी लबाडी दिसेल त्या दिवशी आपल्याकडे कोणी लक्ष देणार नाही.

हे आताच का सांगतो? १९७६ साली घटनादुरुस्तीने राज्याराज्यांतल्या जागांची संख्या गोठवली. २००१ च्या ८४व्या दुरुस्तीने ते गोठवणे २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंत लांबवले. जून २०२५ च्या अधिसूचनेने जनगणनेची संदर्भ तारीख १ मार्च २०२७ ठरवली. ते आकडे आले की धुऱ्यांचा प्रश्न दारात येऊन उभा राहतो. त्या वेळी शहरे वाढल्याबद्दल रडत बसायचे की धुरा कोण घालतो त्यावर डोळा ठेवायचा, हे आधी ठरवून ठेवलेले बरे.

डोळा ठेवावा लागतो, कारण चांगल्या कायद्यातूनही वाट काढणारे असतात. आसामात २०२३ साली मतदारसंघांची नवी रचना झाली. तिथे स्वतंत्र आयोग नव्हता. काम केंद्रीय निवडणूक आयोगाने केले, आणि आधार २००१ च्या जनगणनेचा, म्हणजे बावीस वर्षे जुना. १ जानेवारी २०२३ पासून जिल्ह्यांच्या सीमा गोठणार होत्या. त्याच्या आदल्या दिवशी, ३१ डिसेंबरला, राज्य मंत्रिमंडळाने चार जिल्हे मोडून जुन्या जिल्ह्यांत मिसळले. रचना आटोपली आणि त्याच वर्षी ते चार जिल्हे पुन्हा वेगळे केले. यावर आम्ही अधिक काही बोलत नाही. मोजणीच्या आदल्या रात्री धुऱ्याचा दगड हलवणारा आणि मोजणी झाल्यावर परत ठेवणारा शेजारी तुम्ही पाहिलेला आहे.

दिल्ली-दिसपूर लांब राहिले. आपल्या हातातला प्रश्न गट आणि गणांचा आहे. रस्ता, शाळा, दवाखाना, पाझर तलाव, जनावरांचा डॉक्टर, सगळे जिल्हा परिषदेत अडते. आणि तिथला धुरा कोणी घालायचा याची कथा फार जुनी नाही.

१९९४ साली राज्य निवडणूक आयोग झाला. गट-गणांची, प्रभागांची रचना त्याच्याकडे होती. मग इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात अडकला. सरकारला निवडणुका पुढे जायला हव्या होत्या. मार्च २०२२ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून रचनेचा अधिकार आयोगाकडून काढून राज्य सरकारने स्वतःकडे घेतला. भावांनो, एरवी विधिमंडळात माइक फेकले जातात. या विधेयकावर दोन्ही सभागृहांत सत्ताधारी आणि विरोधक एकमताचे होते. बी-बियाण्याच्या, वीजबिलाच्या प्रश्नावर असे एकमत झाल्याचे कोणाला आठवत असेल तर त्याने उभे राहावे. आरक्षणाची मागणी न्याय्य होती, आम्ही तिच्या बाजूचे आहोत. पण आरक्षणाच्या गाड्याला जोडून धुऱ्याचे दगड कोणी वाहून नेले, ते आपण पाहिले नाही.

पुढची मजा ऐका. त्या सरकारने जिल्हा परिषदेच्या सदस्यांची मर्यादा ५० ते ७५ होती ती ५५ ते ८५ केली. मुंबई महापालिकेचे प्रभाग २२७ चे २३६ केले. जूनमध्ये सरकार बदलले. ऑगस्टमध्ये नव्या सरकारने दोन्ही फिरवून पुन्हा पहिल्यासारखे केले. शहरांकडे पाहिले तर त्याहून गंमत. महापालिकांच्या प्रभागात २००२ ला तीन सदस्य, २००७ ला एक, २०१२ ला दोन, २०१७ ला चार. ज्याला जेवढ्या सदस्यांचा प्रभाग सोयीचा, तेवढ्याचा त्याने केला. इतक्या वेळा तर आपण वाणही बदलत नाही. या ओढाताणीत बहुतेक जिल्हा परिषदांच्या मुदती २०२२ साली संपल्या आणि वर्षानुवर्षे प्रशासक बसले. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घ्याच असे बजावले, तेव्हा चक्र हलले.

मग गटांची रचना निघाली. शासनाच्या आदेशाने जिल्हाधिकाऱ्यांनी प्रारूप तयार केले, हरकतींवर निकाल विभागीय आयुक्तांनी दिला. प्रारूप प्रसिद्ध झाले १४ जुलै २०२५ ला. हरकती द्यायची मुदत २१ जुलैपर्यंत. एक आठवडा! तोही जुलैचा. कापसात डवरणी, निंदण, खताचा पहिला हप्ता, ज्वारीची विरळणी. पाऊस उघडला तर वावरात आणि नाही उघडला तर आभाळाकडे डोळे. अशा आठवड्यात जिल्हा कचेरीच्या फलकावर लावलेला कागद वाचायला कोण जाणार? ज्यांचे पुढारपण त्यावर अवलंबून ते गेले. बाकीच्यांना आपले गाव कोणत्या गटात गेले ते उमेदवार दारात आल्यावर कळले.

नियम नव्हते असे नाही. रचना उत्तरेकडून सुरू करायची, ईशान्य, पूर्व असे सरकत शेवट दक्षिणेत करायचा. गावे सलग हवीत, ग्रामपंचायत शक्यतो फोडायची नाही, नदी-नाले-रस्ते पाहायचे. नियम चांगले आहेत. पण ‘शक्यतो’ हा शब्द असा आहे, की त्यातून बैलगाडी जाते. 

यातला विरोधाभास बघा. गट कोणासाठी राखीव, याची सोडत काढतात तेव्हा सभागृहात सगळ्यांना बोलावतात. काचेचे किंवा प्लॅस्टिकचे भांडे, त्यात चिठ्ठ्या, आणि शाळकरी पोराकडून चिठ्ठी काढून घेतात. ज्याचा गट गेला तो चडफडतो, पण पोराने लबाडी केली असे कोणी म्हणत नाही. मात्र ज्या गटाची चिठ्ठी निघते, तो गट कोणत्या गावांचा बनवला हे बंद खोलीत ठरते.

आम्ही कृषी महाविद्यालयात शिकलो तेव्हा पहिल्याच वर्षी एक गोष्ट डोक्यात भरवली गेली. नव्या आणि जुन्या वाणाची तुलना करायची, तर कोणता वाण कोणत्या वाफ्यात लावायचा हे संशोधकाने ठरवायचे नाही. चिठ्ठीने ठरवायचे. कारण ज्याने वाण काढला आहे, त्याचा हात नकळत का होईना, चांगल्या मातीच्या वाफ्याकडे जातो. संशोधक खोटारडा असतो म्हणून हा नियम नाही, तो माणूस असतो म्हणून आहे. आपल्या देशात पिकांचे उत्पन्न मोजायची पीककापणी प्रयोगाची पद्धत बसवली ती पानसे आणि सुखात्मे या दोघांनी. १९५४ साली निघालेल्या त्यांच्या संख्याशास्त्राच्या पुस्तकावर शेतकी पदवीधरांच्या पिढ्या शिकल्या. त्यांनीही हेच केले. गावात कोणते सर्व्हे नंबर घ्यायचे आणि त्या वावरात चौकोन कुठे आखायचा हे तलाठ्याच्या किंवा ग्रामसेवकाच्या मर्जीवर नाही, तक्त्यातल्या आकड्यांवर ठरायचे. मर्जीवर ठेवले की काय होते ते पैसेवारी आणि पीकविम्याचे अनुभव असणाऱ्या तुम्हाला आम्ही सांगायला नको. एका ज्वारीच्या चौकोनासाठी जी खबरदारी घेतो, ती अख्ख्या तालुक्याच्या राज्यकारभारासाठी घेऊ नये का?

हे स्वप्नरंजन नाही. अमेरिकेतच आयोवा नावाचे राज्य आहे. मका, सोयाबीन आणि डुकरे पाळणाऱ्यांचे, आपल्यासारखेच शेतकऱ्यांचे राज्य. १९८० च्या कायद्याने तिथे नकाशा काढायचे काम विधिमंडळाच्या निःपक्ष कर्मचारी कचेरीला दिले, आणि तिला बजावले, की मागच्या निवडणुकीचे निकाल पाहायचे नाहीत, मतदार कोणत्या पक्षाचा ते पाहायचे नाही, चालू आमदार कुठे राहतो तेही पाहायचे नाही. विधिमंडळाने पहिल्या नकाशावर हो किंवा नाही म्हणायचे, मधे खोडाखोड करायची नाही. कॅलिफोर्नियात २००८ साली लोकांनी मतदान करून नागरिकांचा चौदा जणांचा आयोग नेमायचे ठरवले. दोन मोठ्या पक्षांचे पाच पाच आणि कोणत्याच पक्षाचे नाहीत असे चार. त्यातले पहिले आठ चिठ्ठीने निघतात आणि ते बाकीचे सहा निवडतात.

पण नुसत्या यंत्रणेवर विसंबून झोपू नये, हेही तिथलेच उदाहरण सांगते. ऑगस्ट २०२५ मध्ये टेक्सास राज्याने, जनगणनेची वाट न पाहता मधेच, सत्ताधारी पक्षाला पाच जागा वाढाव्यात म्हणून लोकसभेसारख्या त्यांच्या प्रतिनिधीगृहाचा नकाशा बदलला. त्याला उत्तर म्हणून नोव्हेंबरमध्ये कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी आपल्या आयोगाचा त्या गृहापुरता नकाशा २०३० पर्यंत बाजूला ठेवायला मंजुरी दिली. शेजाऱ्याने धुरा कोरला म्हणून आम्हीही कोरणार, असा सगळा मामला. त्यांना दोष देणे सोपे आहे. पण एकट्याने सरळ दोरी धरायची आणि शेजाऱ्याने वाकडी, हे फार दिवस चालत नाही. म्हणून नियम सगळ्यांना एकच हवा, आणि तो खेळ सुरू व्हायच्या आधी ठरलेला हवा.

आणखी एका भ्रमात राहू नका. मतदारसंघाचा आकार लांबुळका दिसला म्हणजे लबाडीच झाली, असे नसते. आपल्या पूर्णेच्या काठचा खारपाणपट्टा पाहा. नकाशावर तो लांब पट्टाच आहे. विहिरीला खारे पाणी, पिण्याच्या पाण्याचे हाल, ओलीत अशक्य. त्या गावांचे दुखणे एक आहे. ती गावे एका गटात आली तर त्यांचा माणूस जिल्हा परिषदेत पाण्यावर भांडेल. त्यांनाच गोड्या पाण्याच्या गावांत तीन तीन, चार चार करून पांगवले, तर नकाशा दिसायला चौकोनी आणि सुबक होईल, पण खाऱ्या पाण्याबद्दल बोलणारा एकही निवडून येणार नाही. म्हणून नुसता आकार पाहायचा नाही. गावांचा बाजार कोणता, पाणी कोणते, रस्ता कोणता, पोरे कोणत्या शाळेत जातात, ते पाहायचे.

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. रचनेचा अधिकार मंत्रालयातून काढून पुन्हा स्वतंत्र यंत्रणेकडे गेला पाहिजे. तो नुसता एका आयुक्ताच्या हाती देणेही पुरेसे नाही, कारण आयुक्ताची नेमणूकसुद्धा सरकारच्याच सल्ल्याने होते. निवृत्त न्यायाधीश, भूगोल किंवा संख्याशास्त्र जाणणारा माणूस आणि निवडणूक आयुक्त अशी समिती हवी. जिल्ह्यातल्या आमदार-खासदारांचे तिने ऐकावे, पण त्यांना मत नसावे. एकदा जनगणनेवर रचना झाली की पुढच्या जनगणनेपर्यंत तिला कोणी हात लावायचा नाही, सरकार बदलो अगर न बदलो. आणि ‘शक्यतो’ म्हणून नियम मोडला असेल, तर कोणत्या गावापाशी आणि का मोडला हे छापील कागदावर आले पाहिजे. न्यायालयाचे दार पूर्ण बंद नाही. २०२४ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की परिसीमनाचा आदेश उघड मनमानीचा असेल तर तो तपासता येतो. पण तिथवर जायला पैसा लागतो आणि निकाल लागेस्तोवर निवडणूक होऊन गेलेली असते. खरे काम प्रारूपाच्या वेळीच करायचे आहे.

त्या वेळी काय करायचे? प्रारूपाचा कागद जिल्हा कचेरीतच नव्हे, प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर, गाववार लोकसंख्येसह लागला पाहिजे, आणि हरकतींना निदान एक महिना मिळाला पाहिजे, तोही पेरणी-निंदणीचा सोडून. ही मागणी आपल्या ग्रामसभा ठरावाने करू शकतात. कायदा बदलेपर्यंत थांबायची गरज नाही. हरकत लिहिताना ‘आमच्या गावावर अन्याय झाला’ असे लिहू नका. तो कागद टोपलीत जातो. आमचे गाव अमुक गटात, लोकसंख्या इतकी. ते तमुक गटात घातले तर दोन्ही गटांची लोकसंख्या इतकी इतकी होते, सरासरीच्या जवळ येते, सलगता राहते, नाला ओलांडावा लागत नाही, असा हिशेब मांडा. सोबत तालुक्याचा नकाशा जोडा आणि त्यावर लाल पेन्सिलीने तुमची रेषा काढा. हिशेब असलेली हरकत फेटाळायची तर अधिकाऱ्याला कारण लिहावे लागते. नाही लिहिले तर २००५ चा माहिती अधिकाराचा कायदा आहे, दहा रुपयांत अर्ज होतो. सगळ्या हरकतींचे कागद आणि त्यांवरचे शेरे मागा. दोन-चार तालुक्यांचे कागद शेजारी ठेवले की कोणाच्या सांगण्यावरून कोणते गाव कुठे सरकले ते आपोआप दिसते.

कोणी म्हणेल, एवढे करून निवडून येणार ते तेच. येऊ शकतात. सरळ धुऱ्याने चांगला माणूस निवडून येतोच, अशी हमी आम्ही देत नाही. सरळ सऱ्यांत पेरले म्हणून पाऊस येतो अशी हमी कोणी देतो का? पण वाईट माणूस निवडून आला तर त्याला पुढच्या खेपेला पाडता आले पाहिजे. धुरा कोरलेला असला, की तो पडत नाही. मग तुमच्या रस्त्याचे, तुमच्या पाझर तलावाचे तो कशाला ऐकेल?

तेव्हा उद्यापासून करायचे काम एवढेच. प्रत्येक तालुक्यातल्या दोघा-तिघांनी तहसिलीतून किंवा भूमी अभिलेख कचेरीतून तालुक्याचा गाव-सीमा असलेला नकाशा मिळवावा. २०११ च्या जनगणनेची गाववार लोकसंख्या त्यावर प्रत्येक गावात लिहावी आणि सध्याच्या गटांच्या, गणांच्या रेषा रंगीत पेन्सिलीने काढाव्यात. कोणती गावे कोरडवाहू, कोणती ओलिताची, कोणत्या गावांचा बाजार एक, याच्या खुणा कराव्यात. नव्या जनगणनेचे आकडे आले की त्याच नकाशावर शेजारी दुसऱ्या शाईने घालता येतील. पुढच्या जिल्हा बैठकीत सगळे नकाशे भिंतीला लावू. ज्यांच्याकडे शाळेत शिकणारी पोरे आहेत त्यांनी त्यांना सोबत आणावे. बेरजा आपल्यापेक्षा ती लवकर करतात.